चार बोटं दोरी

केरामोतीच्या धक्क्यावर दोन बोटींच्या मधे
वीस मिनिटं असतात, कधी पंचवीस.
मोटारी रांगेत, काचा खाली,
कुणी पीच खातंय, कुणी नवऱ्याशी भांडतंय,
आणि मी, रॅम्पवरची पिवळ्या जॅकेटातली बाई,
खिशातून काढते बेगलेरी.

विशेष काही नाही.
दोन मणी, जड.
मधे दोरी, चार बोटं मावतील एवढीच.
माळ नव्हे. माळ थ्रासोस म्हाताऱ्याकडे आहे,
अंबरची, तेवीस मण्यांची.
कॉफीच्या टपरीत बसून तो एकेक मणी ढकलतो
म्हणजे दिवसच ढकलतो.
माझ्याकडे ढकलण्याइतके मणी नाहीत,
आहेत ते दोन एका जागी बसत नाहीत.

शिकवलं प्रोद्रोमोसनं. बेकरीतला पोर,
पहाटेच्या बोटीवर पाव चढवतो,
मिशी यावी की न यावी, अजून ठरलेलं नाही.
म्हणाला, "काकी, आवळू नका,
बोटांच्या बेचक्यात दोरी नुसती राहू द्या.
खालचा मणी झोका घेईल, वर येईल,
बोटाला वळसा घालून तळव्यात पडेल.
तो पडला की दुसरा सोडायचा."
"नेमका कधी?"
"ते नाही सांगता येत."

पहिला आठवडा मी स्वतःलाच मारलं.
नखावर, पेरावर, एकदा तर थेट दातावर.
तो दात अजून थंड पाण्याला घाबरतो.

आणि हात तरी कुठला? डावा.
मागच्या हिवाळ्यात दोरखंडात सापडलेला.
तेव्हापासून करंगळी नि अनामिका
माझ्याच हातावर पाहुण्यांसारख्या,
अवघडून, टेकून, काही न मागता.
कावालाच्या डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला.
दाबला. रोज शंभर वेळा, मोजून.
चेंडूचा काही दोष नाही, पण तो औषध होता,
आणि हे म्हणजे शाळेमागच्या पायरीवरचे सागरगोटे,
आई हाका मारतेय आणि आपलं "हा शेवटचा डाव".

लोक विचारतात, मग बरा झाला का हात?
नाही झाला.
मणी करंगळीवर पोचला की तिला पत्ताच नसतो,
तो मला डोळ्यांनी दिसतो,
मग मी तिच्या वतीनं मनगट वळवते.
चालतं.
कधी कधी सलग सात फेरे,
आवाज फक्त टक, टक,
आणि रांगेतल्या मागच्या सीटवरून एक पोरगी
तोंडातला आईस्क्रीमचा चमचा विसरलेली.

ऑगस्टात दोरी तुटली.
पितळी मणी, प्रोद्रोमोसनं घासून चकचकवलेला,
रॅम्पच्या फटीतून गेला पाण्यात.
वाईट वाटलं. त्याला सांगायला चार दिवस लावले.
तो हसला, म्हणाला, समुद्राकडे माझे सहा आहेत.
इंजिनातल्या आनेस्तिसनं एक नट शोधून दिला,
तेलकट, डिझेलचा वास अजून जात नाही.
आता एकीकडे पितळ, एकीकडे लोखंड,
वजन जुळत नाही, वेळ चुकते,
मी पहिल्यापासून शिकतेय
आणि खरं सांगू, मला ते आवडतंय.

थासोसची बोट वळली. सीगल उठले.
खिशात टाकते. हातमोजे.
वरून दोर येतो, माझ्या मनगटाएवढा जाड, ओला.
हीसुद्धा दोरीच,
पण ही कधी सोडायची
हे सांगायला वर शिटी घेऊन माणूस उभा असतो.
तो शिटी वाजवतो.
मी सोडते.
हातमोज्याच्या आत अंगठा
उगाच, एकटाच, एक फेरा मारून घेतो.