अडीच मिलिबार

शेजारच्या गाळ्यातला पॉवर प्रेस
एक ते दीड बंद असतो.
पारा वाचायचा तो तेवढ्यात.
एरवी वागळे इस्टेटची जमीन
चहावरच्या सायीसारखी थरथरते
आणि नळीतला पारा तिच्याबरोबर.

आधी थर्मामीटर, मग पारा.
हरेश्वर नाखवांनी हा क्रम पहिल्या दिवशीच सांगितला:
तू जवळ उभी राहिलीस की तुझ्या अंगाची ऊब
पितळेला लागते, आणि पितळ खोटं बोलायला लागतं.
श्वास धर. खालचा स्क्रू फिरव.
हस्तिदंती टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब
एकमेकांना टेकतील इतकाच पारा वर आण.
टेकतील. टोचणार नाहीत.

लोक म्हणतात पारा चढला, म्हणजे भांडण.
आमच्याकडे उलटं.
पारा चढला की आभाळ मोकळं, निवांत जेवायला बस.
उतरला की काका चेंदणीला घरी फोन लावायचे.
आळीत कुणाची होडी उरली नव्हती,
तरी लावायचे.

मंगळवारी टिपणीस बाई आल्या, नौपाड्याहून रिक्षाने.
मांडीवर अ‍ॅनेरॉइड, कानटोपीत गुंडाळलेला.
पिशवीत अठ्ठावीस वर्षांच्या वह्या, नऊ.
सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच,
लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा:
१००८.२. दमट. वारा नाही.

"हा थकलाय," म्हणाल्या.
"मार्गशीर्षापासून कमी दाखवतो.
रोज अडीच. न चुकता अडीच.
वय झालं, दुसरं काय."

मी काच काढली.
आतली साखळी, मुंग्यांची रांग बरी इतकी बारीक.
सुईच्या टोकावरचं तेल, तेही अर्धंच.
मग हंडीखाली ठेवून हवा काढत गेले,
दहा मिलिबार, थांब, दहा मिलिबार, थांब,
आणि तशीच पायरी-पायरीने परत भरली.
जाताना एक आणि येताना दुसरं
असं प्रत्येक काटा थोडं बोलतोच.
याचा फरक एक दशांश.
अठ्ठावीस वर्षांत एवढं विसरायला हरकत नाही.

बुधवारी प्रेस थांबल्यावर पाऱ्याशी ताडून पाहिला.
गुरुवारी पुन्हा.
चुकत नव्हता.

गुरुवारी दुपारी त्या न्यायला आल्या तेव्हा विचारलं,
मार्गशीर्षात काय झालं होतं, बाई?

"काही नाही. घराचा ताबा मिळाला.
बिल्डिंग पाडली होती ना आमची.
कळव्याला भाड्याने होतो, तिथे हा ठीक होता.
तळमजलाच होता तो, आमच्या जुन्या घरासारखा.
आता सातवा. लिफ्ट आहे."

मी कॅल्क्युलेटर ओढला. गरज नव्हती,
हाताला काहीतरी हवं होतं.
साडेआठ मीटरला एक मिलिबार.
सात मजले, एकवीस मीटर.

बाईंनी टोपीची लोकर दोनदा चाचपली.
मग म्हणाल्या,
"आम्ही पेढे वाटत होतो,
आणि हा रोज सांगत होता, वर आलो, वर आलो."

मागच्या स्क्रूला पाव फेरा दिला असता
तर काटा पुन्हा तळमजल्यावर आला असता.
स्क्रूड्रायव्हर उचललाही होता मी.
काटा फिरवू नये, कागद लावावा, काका म्हणायचे.
कागद लिहिला.
दुरुस्ती: अधिक २.५.
कारणाच्या रकान्यात मी एरवी लिहिते
धूळ, झीज, हातातून पडला, नातवाने उघडला.
लिहिलं: मजला सात.

चार वाजत आले होते.
त्या वेळी हवेलाही ओहोटी असते, खाडीसारखी,
फक्त चिखल दिसत नाही.
काटा केसभर उतरला.
बाईंनी काचेवर बोट टेकवून टिचकी मारली,
झोपलेल्याच्या दारावर मारावी तशी,
आणि नववी वही काढली.

"साडेपाचला अजून वेळ आहे," मी म्हटलं.

"असू दे. बसते.
हा गाळा तळमजल्यावर आहे ना?"

प्रेस सुरूच होता. मी स्टूल पुसून दिलं.