एक बोल्ट जास्त

कर्द्याच्या वाळूवर गाडी उतरवली तेव्हा
पाणी लांब होतं, असं मगदूमांचा मुलगा सांगतो.
पाणी लांब असतंच.
अमावास्या होती, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन ट्रॅक्टर आणि रापणीचा दोर लावून
सव्वा कोटीची गाडी हर्णैला आली,
बर्फाच्या कारखान्याशेजारी, माझ्या शेडमध्ये.
तासभर तिच्या सायलेन्सरमधून समुद्र गळत होता.

मी अन्वर होडेकर. होड्यांची इंजिनं करतो.
हातोडी मारली तर खणकन बोलणारं लोखंड मला कळतं.
हिला काळं झाकण, झाकणाखाली झाकण.
"चाचा, इंजिन खय?" दिग्यानं विचारलं.
मीही मनात तेच विचारत होतो.

पुण्याच्या शोरूमनं आकडा सांगितला,
इचलकरंजीच्या मगदूमांनी फोन ठेवला
आणि मला म्हणाले, तुम्हीच बघा.
बघा म्हणजे उघडा.
उघडा म्हणजे पुन्हा लावा, हे कुणी बोलत नाही.

चार दिवस नुसतं सोडवणं.
प्रत्येक वायरला चिकटपट्टी, तिच्यावर दिग्याचं अक्षर:
'डावीकडची, पिवळी, रुसलेली.'
बोल्ट करवंट्यांत, एका जागेला एक करवंटी.
चौऱ्याहत्तर झाल्या.
त्याच्या घरी तो आठवडाभर रोज सोलकढी.

पाचव्या दिवशी चेन-ब्लॉक.
ट्रॉलरची इंजिनं उचलणारा तो,
त्याला हे म्हणजे पापलेट.
इंजिन इंचभर हललं, अडलं.
खाली झोपून हात घातला:
एक नळी जागा सोडायला तयार नव्हती.
कापली नाही. अर्धा तास तिच्याशी बोलत बसलो.
मग निघालं, हवेत सावकाश फिरलं
आणि पश्चिमेला तोंड करून थांबलं.

गाडीच्या पोटात ओंजळभर वाळू
आणि नखाएवढी एक कुर्ली, जिवंत.
दिग्या तिला धक्क्यावर सोडून आला.

आत दोन नंबरचा रॉड वाकलेला,
फार नाही, कपाळावरच्या आठीइतका.
हवा दाबली जाते, पाणी जात नाही.
लोखंडाला वाटलं असेल, जाईल.

मुलगा दर शनिवारी यायचा, टायरवर बसून राहायचा.
एकदा म्हणाला, मला काहीतरी द्या.
चिंधी दिली, डिझेलचा डबा दिला.
बंदरावरचा लिलाव संपेपर्यंत त्यानं बारा बोल्ट धुतले,
तेरावा हातातच धरून बसला.

बाविसाव्या दिवशी इंजिन परत खाली.
काढताना जे वजन असतं
ते बसवताना दुप्पट होतं.
"अजून वाईच," दिग्या खालून म्हणाला.
वाईच म्हणजे किती, ते साखळीला विचारा.

बटण दाबलं. काही नाही.
दिग्याचा चेहरा उतरला.
परत दाबणार, तेवढ्यात मुलानं माझा हात धरला:
"सुरू आहे, चाचा."
बॉनेटवर तळवा ठेवला.
आमची होडी सुरू झाली तर अंजर्ल्यापर्यंत कळतं.
ही झोपलेल्या लेकराच्या पाठीसारखी.

गाडी गेली. बाक पुसताना
उपड्या करवंटीखाली एक बोल्ट.

रात्री अकराला फोन केला. कुठवर?
"पाटण."
काही आवाज?
"नाही. यायला हवा होता का?"
म्हटलं, नाही, सहजच.

सकाळी चोगले आला, तावातावानं:
तीन आठवडे होडी वर ओढून ठेवलीय माझी,
पंपाच्या झाकणाचा एक बोल्ट तुझ्याकडेच राहिला.
मी मूठ उघडली. "हाच तो!" म्हणाला.
दोघं होडीवर चढलो.

बोल्ट अर्धा आत गेला.
मग अडला.
चोगले माझ्याकडे बघत होता, मी आट्यांकडे.
मी खिशातून फोन काढला.