तिसरा स्लॉट

चंदेरी पिशवीतून कार्ड काढण्याआधी
मी खिडकीच्या गजांना हात लावला.
नाखवाकाका म्हणाले, नमस्कार करतेस काय?
म्हटलं, अंगातली वीज सोडतेय.
नायलॉनचा ड्रेस घालून आले होते,
माझीच चूक.

चेंदणीत, मिठाईच्या दुकानावर, आमचं 'शुभचिंतन व्हिडिओ'.
कार्डाचे अठ्ठावीस हजार.
शेठनी बिल घडी घालून खिशात ठेवलं,
पुन्हा काढून वाचलं,
आणि जिना उतरताना म्हणाले, बसव नीट.

काकांची जागा मिक्सरसमोर. सोळा वर्षं.
डाव्या हाताला एक व्हीसीआर, उजव्या हाताला दुसरा,
आणि नवरीच्या डोक्यावर गुलाब उमलवायची ती दांडी,
जिच्यावरचा रंग त्यांच्या दोन बोटांनी नेला.
आज मिक्सरवर टॉवेल घातलेला होता.
मी विचारलं नाही.

कॅबिनेट आडवं निजवलं.
मागची पत्र्याची पट्टी मागेपुढे हलवत तोडली,
दुधाच्या दातासारखी.
आत दोन लग्नसराईंची धूळ, आणि पंख्याखाली
तांदळाचा एक दाणा,
कुंकू लागलेला.
बंद पेटीत अक्षता कुणी टाकली?

सोनेरी कड खाचेवर टेकवली, दोन्ही अंगठे ठेवले.
किती दाबायचं, हे नौपाड्यातल्या कोर्सात
फळ्यावर लिहून दिलं नव्हतं.
बोर्ड वाकला. मी थांबले.
दाब गं, काका म्हणाले,
कॅसेट बसते तसा आवाज येईल.
आला.

मग स्क्रू पडला, आत, कुठेतरी.
काकांनी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं
आणि मी इतक्या जोरात ओरडले, की खालचा
जिलेबी तळणारा वर बघून गेला.
हार्ड डिस्क आहे काका, सगळं पुसेल!
त्यांनी चुंबक पाठीमागे लपवलं, लहान मुलासारखं.
मग अगरबत्तीची काडी घेतली,
तिला सेलोटेप उलटी गुंडाळली,
तुटलेल्या टेपा जोडायची त्यांची तीच सेलोटेप,
आणि न बघता, नुसत्या हाताच्या अंदाजाने,
स्क्रू वर आणला.

मशीन सुरू झालं. कार्ड दिसेना.
साउंड कार्ड अकरा नंबरवर, हेही अकरा नंबरवर.
काय झालं?
एकाच मुहूर्ताला एकाच हॉलची दोन बुकिंगं, काका.
मग एकाला हलव की.
त्यांनी हे असं सांगितलं, जणू
हॉलचे मॅनेजर तेच.
पुन्हा उघडलं, दुसऱ्यातून काढून तिसऱ्यात बसवलं.
या वेळी आवाजाची वाट
आम्ही दोघांनी पाहिली.

पहिली टेप लावली. भोईरांकडचं लग्न, उथळसर.
चित्र काचेसारखं. मुंडावळ्यांचा
एकेक मोती मोजून घ्यावा.
दर एकोणीस मिनिटांनी फाइल तुटत होती,
मंगलाष्टकं एका तुकड्यात, कन्यादान दुसऱ्यात.
शेवटी खिडकी आली :
गळालेल्या फ्रेम, तीन.

तीन म्हणजे किती?
सेकंदाचा आठवा भाग. त्याहून कमीच.
काका पुढे सरकले. दाखव.
मी एकेक फ्रेम पुढे नेत राहिले,
आणि जिथे अंतरपाट खाली येतो तिथे
त्यांनी काचेवर बोट ठेवलं.
इथे. इथे कापड वर आहे, आणि इथे
चार बोटं खाली. मधलं कुठे गेलं?
मला दिसलं नव्हतं. मशीनने आकडा सांगितला होता,
जागा नाही.

पुन्हा भरून घेतलं. शून्य.

काकांनी चष्मा पुसला, तोही त्याच टॉवेलला,
आणि टॉवेल परत घातला नाही.
म्हणाले, बरं. आणि यात गुलाब
कुठून उमलतो?
मी यादी उघडली. तीनशे बारा इफेक्ट.
खालपर्यंत गेले, वर आले, परत गेले.
बदाम होता. फुलपाखरं होती. उडतं पान होतं.

थांब, ते म्हणाले,
आणि खुर्ची माझ्या खुर्चीला लावून घेतली.