पाऊणकी

कन्नमवार नगरात रात्री साडेअकराला
समोरच्या इमारतीची एकेक खिडकी मिटत जाते,
तेव्हा मी दुसऱ्यांचा कोड वाचायला बसतो.
पगार नाही. पाट्याही टाकायच्या नाहीत, एवढंच सुख.

सहा वर्षांपूर्वी मीच लिहिली ती फाइल,
योगदान देणाऱ्यांसाठी.
समास चार जागांचा. टॅब नको.
ओळ ऐंशी अक्षरांपुढे जाऊ नये.
काय बदललं ते कोड सांगेल, संदेशात का बदललं ते लिहा.
आणि ठळक टायपात, कारण मी एकदा पोळलोय:
उघडा आकडा चालणार नाही.
प्रत्येक आकड्याला नाव हवं.

(कुणाच्या तरी १९ने एका रविवारी
अख्ख्या किनाऱ्याची ओहोटी तासभर पुढे ढकलली होती.
तो १९ कुठला, हे लिहिणाराही विसरला होता.)

भरती-ओहोटीच्या वेळा काढतो आमचा प्रकल्प.
कुठून कुठून दुरुस्त्या येतात,
हॅलिफॅक्सचा एक जण तर स्वल्पविरामावरून भांडतो.
आणि खिडकीतून खाडीचा वास येणाऱ्या या शहरातून
सहा वर्षांत एकही नाही.

मग आली. माहुलहून. भाविका केणी.
टॅबच टॅब.
एक ओळ एकशे चौतीस अक्षरांची, वाळत टाकलेल्या जाळ्यासारखी
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
चलांची नावं उधाण आणि भांग.
संदेश: "बरोबर केलं."
आणि मधोमध, अंगावर चिंधी नसलेला, ०.७५.

मी शेरे मारत सुटलो.
मास्तरकीची खाज असतेच हाताला.
टॅब काढा. ओळ मोडा. का, ते लिहा.
हा शून्य दशांश सात पाच कुठला?
याला नाव द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर:
"सर, नाव आहे त्याला. पाऊणकी.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते.
अष्टमी, आठ पाऊण सहा. सहाला पाणी भरतं.
काका बोटांवर करतात.
तुमचं गणित बारीक आहे, पण परवा दोन तास चुकलं,
आणि काकांची बोट गाळात बसली. कोळंबी गेली.
पाऊणकी इतकी चुकत नाही.
तुमचं उत्तर तिच्यापासून तासाहून लांब गेलं
तर ओरडायचं, एवढंच हे करतं."

मी शोधत गेलो. चूक सापडली पहाटे तीनला.
ओळ माझीच, चार वर्षांपूर्वीची.
समास नेमका चार जागांचा. एकसष्ट अक्षरं.
आकड्याला नावही होतं.
नाव होतं: दुरुस्ती.
कसली, ते मला आठवेना.

भाविकाने टॅब काढले. ओळ तीन ठिकाणी मोडली.
संदेश बदलला:
"काकांची बोट गाळात बसली, म्हणून."
इतका चोख संदेश आमच्या भांडारात दुसरा नाही.
मी तो जसाच्या तसा आत घेतला.

हॅलिफॅक्सने विचारलं, पाऊणकी म्हणजे काय,
इंग्रजी नाव का नाही?
मी दोन परिच्छेद टंकले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी,
पोरं कधी काळी सुरात घोकायची ते सगळं.
मग खोडलं, आणि लिहिलं:
ते नावच आहे.

फाइलमध्ये तेवढी एक ओळ वाढवली.
प्रत्येक आकड्याला नाव हवं. पण द्यायच्या आधी विचारा,
त्याला नाव आहे का.

ऐंशीच्या पुढे जात होती.
मोडली.

टॅब का नको, हे मात्र भाविकाने अजून विचारलेलं नाही.
विचारलं, तर पंचाईत आहे.