उसने दहा

शनिवारी सात वीसला निघायचो,
मी आणि तन्झिला, तिच्या मामाच्या स्कूटरवर,
सिडकोतून गिरणाऱ्याच्या दिशेनं.
पिशवीत खडू, आइसक्रीमच्या काड्यांची दहा-दहाची जुडगी,
आणि माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात
चार घड्या घातलेला निकाल:
गणित तीन, शंभरात एकोणीस.
घरी कुणाला माहीत नव्हता.
खरं सांगायचं तर त्यासाठीच जायचे.
त्या दोन खोल्यांत सगळ्यात हुशार मीच होते.

शाळा टोमॅटोच्या वावराला लागून.
पटावर सत्तावीस,
खुडा सुरू झाला की अकरा,
आणि त्या अकरांच्याही बोटांवर
पाल्याचा हिरवा-काळा थर.
वह्यांच्या कडांना अंगठे उमटलेले.

फळ्यावर लिहिलं: बावन्न वजा सत्तावीस.
दोनातून सात जात नाहीत.
मग शेजारी जायचं,
दशकाच्या घरातून दहा उसने आणायचे.
सोप्पंय.

सुगंधा भोयेनं हात वर केला.
पेठकडची, चौथीतली, कडेवर भाऊ.
"ताई, मग ते माघारी कधी द्यायचे?"
"काय?"
"उसने आणले ना. माघारी कधी द्यायचे?"

मी हसले. तन्झिलाकडे पाहिलं.
तन्झिला काड्या मोजत होती, नको तितकं मन लावून.
"गणितात माघारी देत नाहीत. सोप्पंय. पुढं चला."
सुगंधानं मान हलवली, समजल्यासारखी.
ती मान मी ओळखायला हवी होती.

पुढच्या शनिवारी दुगावला चाक बसलं.
पोचलो तेव्हा वर्ग भरलेला, बाहेरूनच ऐकू येत होता.
खिडकीतून पाहिलं तर फळ्यापाशी मी.
म्हणजे सुगंधा. कडेवर भाऊ तसाच.
नसलेला चष्मा बोटानं वर सरकवते,
डस्टर काढून त्यात मेसेज बघते,
"सोप्पंय रे, सोप्पंय! समजलं?"
"हो ताई!"
"कुणाला नाही समजलं?"
कुणीच हात वर करत नाही.
"शाब्बास," म्हणते, आणि वर्ग लोळतो हसून.

तन्झिलापण हसली. मला जमलं नाही.
तो शब्द माझा नव्हताच.
सातपूरहून पाळी संपवून आलेले पप्पा,
नखांत लोखंडाचा कीस,
जेवायच्या आधी माझी वही ओढायचे,
"सोप्पंय गं."
किती प्रेमानं म्हणायचे.
सोपं असलेलं विचारणार कसं?
सहावीपासून मी हो म्हणत आले,
इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत,
एकोणीसपर्यंत.

आत गेले. पोरं चिडीचूप.
म्हटलं, उसने माघारी का देत नाहीत
ते मला सांगता येत नाही. अवघड आहे.
"मग बसा खाली," सुगंधा म्हणाली,
आणि मी बसले, अंकुश गांगुर्डेच्या शेजारी,
ज्यानं महिनाभर तोंड उघडलं नव्हतं.
तो फळ्याकडे न बघता म्हणाला,
"उसने कुठं? सुट्टे कमी पडले म्हणून
जाळी ओतली. माल तेवढाच."
आणि काड्यांच्या जुडग्याचा रबर काढला.

दहा काड्या फरशीवर सांडल्या.
मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होते.
एकवीस वर्षांची, चष्मा लावलेली.

निघताना सुगंधानं ओढणीच्या गाठीतून
चार टोमॅटो काढून दिले, देठासकट.
"उसने आहेत," म्हणाली.
आता हिला काय म्हणायचं?

रात्री आईनं चिरायला घेतले.
पप्पांनी विचारलं, कुठले गं, बरे लाल आहेत.
म्हटलं, उसने आणलेत.
आणि सॅक पुढं ओढली.
आतल्या कप्प्याची चेन
नेहमीसारखी मध्येच अडकली.