अंदाज, पहिला मसुदा

शुक्रवारी दिल्लीला अहवाल पाठवायचा आहे:
दोन हजार चाळीस साली हा देश
किती ऊन वापरेल, किती वारा,
किती पाणी, किती चिपाड. क्षेत्रवार.
रकाने सहा. उद्योग, शेती, घरगुती,
वाहतूक, व्यापार आणि इतर.
राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर बसून
मी अख्ख्या देशाचं ऊन मोजते.
खाली नळाला पाणी आलंय का,
ते मात्र शेजारच्या कुसाळेबाईंना विचारावं लागतं.

घरगुती रकाना सोपा.
माणसं, पंखे, फ्रिज, गच्चीवरच्या काळ्या काचा.
आलेख जोतिबाच्या पायऱ्यांसारखा चढतो,
मध्ये कुठंतरी दम खातो.

शेतीचा दिवसाउजेडी चढतो.
सौरपंप आला त्या आठवड्यात
शिरोळच्या मामानं बॅटरी आणि काठी खुंटीला टांगली.
"आता साप त्याच्या वक्ताला, मी माझ्या," म्हणाला.
हे वाक्य मी टिपून घेतलं.
ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

मग कोग्याला गेले, गुऱ्हाळावर.
दस्तगीर चाचा काहिलीशी उभे,
भुवयांवर वाफ.
खाली चुलवाणात त्याच उसाचं चिपाड,
ज्याचा रस वर उकळत होता.
वर्षाला इंधन किती लागतं, चाचा?
"ऊस जेवढा, जाळ तेवढा.
कुणाकडं मागायला जात न्हाई."
आणि पुढच्या पंधरा वर्षांत?
त्यांनी चमचाभर पाक गार पाण्यात सोडला,
बोटांत धरून गोळी होते का बघितली.
"अजून न्हाई," म्हणाले.
मला नाही, काहिलीला.

परतताना एसटीत अडले.
शेती धरू की उद्योग?
शासनाच्या भाषेत याला अपारंपरिक ऊर्जा म्हणतात.
चाचांचे आजोबाही हीच जाळत होते.

उद्योगाचा रकाना मुद्दाम मागे ठेवला होता.
त्यात हंबीर आहे.
शिरोलीच्या फौंड्रीत, अकरा वर्षं रात्रपाळीला,
कारण रात्रीची वीज स्वस्त,
म्हणून लोखंड रात्री वितळतं,
म्हणून माझा नवरा सकाळी आठला झोपतो.
आमचं लग्न
एका चहावर उभं आहे, पावणेआठच्या.

मॉडेलमध्ये एक ओळ असते:
भार सरकवता येईल का? होय, नाही.
दुपारचं ऊन स्वस्त होत जाणार,
तर भट्टीही दुपारी जाणार. हिशेब सरळ.
मी ‘होय’ लिहिलं.
पडद्यावरचा रात्रीचा डोंगर
तेहतीस सालापासून खचत खचत
दुपारकडं निघाला.
त्या डोंगराखाली कुठंतरी
आमची खाट आहे.

सकाळी सांगितलं त्याला,
तेहतीस साली तू रात्री घरी असशील, असं दिसतंय.
त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला.
"म्हंजे दुपारी भट्टीम्होरं? मे महिन्यात?
तुझ्या त्या आलेखाला घाम येतो का गं?"
मग हसला, आणि हसता हसताच पेंगला.
कानामागं काळी वाळू तशीच.

मी ‘होय’ खोडलं.
‘नाही’ लिहायला हात गेला नाही.
‘अंशतः’ लिहिलं,
वरखाली धूसर पट्टा काढला,
जसा आम्ही काढतो, जिथं खात्री नसते तिथं.
पट्टा जरा जास्तच रुंद झालाय.
साहेब विचारतील.

खिडकीवर हंबीरनं जाड चादर ठोकलीय,
उन्हाला आत यायची बंदी.
तरी एका कडेनं रेघ येतेच,
फरशीवरून सरकत
अकराच्या सुमारास त्याच्या टाचेला लागते.
तो पाय आखडून घेतो, झोपेतच.
ते ऊन मी अजून
कुठंच धरलेलं नाही.