मोजणी

हात बांधायचं काम माझं.
मनगटाला तीन फेरे, अंगठ्याला एक,
मग बोटांच्या बेचक्यांतून आडवी-तिडवी पट्टी.
मूठ वळली की विचारायचं, "घट्ट होते का रे?"
एनोश म्हणायचा, "नाई काका, बराबर हाये."

त्याआधी बावीस वर्षं कुष्ठधामात ड्रेसर होतो,
परतवाड्याच्या अलीकडं, मिशनच्या आवारात.
बधिर तळवे कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे,
मेलेली कातडी पात्यानं तासायची.
खिळा, काच, बाभळीचा काटा,
ज्याचं त्याला कळत नसे, मीच शोधून काढायचा.
नावच प्रभुदास, दुसरं काय करणार,
असं मी हसून म्हणायचो,
आणि कोणी ऐकलं नसेल तर पुन्हा म्हणायचो.

एनोश जिंकला की गुडघ्यावर बसायचा.
पहिल्या लढतीत, धारणीच्या एका शाळेच्या पटांगणात,
टेकला न टेकला तोच उठला, लाजून.
चौथीत पाच आकडे.
सातव्या वेळी, नागपूरच्या कॅमेऱ्यापुढे, अकरा.
मी मोजायचो, पंच मोजतात तसा, बोटं उघडत.
दहाच्या वर जो खाली राहिला
तो बाद. नियम आहे.
पाळकांना म्हटलंसुद्धा.
ते म्हणाले, प्रार्थना मोजू नये, प्रभुदास.
मी मान खाली घातली. मोजणं सोडलं नाही.

मग चौकात फ्लेक्स लागला.
एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला एनोश,
एनोश टीचभर मोठा.
फ्लेक्सवाला म्हणे, "फोटूच तसा भेटला, मी काय करू बाप्पा?"
शॉर्ट्सवर पुढं आईनं शिवलेला पांढरा क्रूस होता;
तिथं सिमेंटवाल्याचं नाव आलं,
क्रूस मागं गेला, बुडावर.

नववी लढत मे महिन्यात, दर्यापूरकडच्या एका जिनिंगमध्ये.
हंगाम सरलेला. गाठींवर फळ्या टाकून बसलेली माणसं,
कॅनव्हासखाली दाबून भरलेली रुई,
रात्री नऊलाही टिनाचं छत तापलेलं
आणि दिव्यांच्या झोतात कापसाची भुरभुर.
समोर मतियस टोप्पो, सिमडेग्याचा.
सरकीच्या पोत्यांच्या थप्पीआड त्याची खोली.
आम्ही आमेन म्हणालो
तेव्हा तिकडूनही आमेन ऐकू आला होता.
एनोशची मूठ माझ्या हातात होती.
ती जरा सैल पडली.

सहाव्या फेरीत टोप्पोची भुवई फाटली.
डॉक्टरनं दिवा मारून पाहिला, हात हलवला. संपलं.
माईकवाला ओरडला. कॅमेरा आत आला.
मी बोटं तयार ठेवली.

एनोश बसला गुडघ्यावर,
पण तिकडं, त्यांच्या कोपऱ्यात.
टोप्पोच्या पिंडरीत गोळा आलेला, पाऊल वाकडं झालेलं,
त्याचा एकुलता सोबती दोन्ही हातांनी
डोळ्यावर टॉवेल दाबून उभा,
बुटाची नाडी घामानं आवळलेली.
एनोशच्या हातांत ग्लोव्हज.
त्यानं दातांतलं रबर थुंकलं
आणि वाकून ती गाठ दातांत धरली.

सहा. सात.
गाठ सुटेना.
कात्री माझ्या खिशात होती.
आठ. बोथट टोकाची, पट्ट्या कापायची,
कुष्ठधामातून येताना आणलेली.
मधे चार पावलं.
अकरा. बारा.
मी उभा होतो, मोजत.

सतराला बूट निघाला.

परतीच्या जीपमध्ये त्यानं हात पुढं केले.
त्याच कात्रीनं मी पट्ट्या कापल्या.
त्याच्या ओठाला बुटाची धूळ होती, आणि कापसाचा एक तंतू.
"थ्या पोट्ट्याच्या मोज्याले भोक होतं, काका,"
एवढंच म्हणाला आणि झोपला.

घरी माझ्या पेटीत एक वही आहे.
कोणाला दाखवली नाही कधी.
खोटं. दोनदा पाळकांना, एकदा बिशपांना.
बावीस वर्षांत धुतलेले पाय:
एकोणीस हजार चारशे सात.
आकडा विषम आहे, कारण
काहींना एकच होता.
हेही मी मुद्दाम सांगतो.